पोटाशी उशी धरून गायलेली हळद

तुमच्या घरात कुणी पिवळं पडलं असेल तर आधी एवढंच वाचा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. पोटात दुखतंय, ताप चढलाय, तर माणूस डॉक्टरकडे जातोच. पण दुखत नाही, ताप नाही, आणि तरी डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी काळ्या चहासारखी, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काविळीची माळ घालायची असेल तर खुशाल घाला, पण माळ घालून आधी रिक्षात बसा.

मी रंजना पाटील, चेणे गावची. आमच्या घरचे बाप्ये पूर्वी भात लावायचे, मिठागरावर जायचे. आता कुणी टेम्पो चालवतो, कुणी खोल्या भाड्यानं देतो. मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी असोत-नसोत, धवलारीण लागतेच. मांडव घातला की हळदीपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालतं. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणते, मागून बायका ओळ ओढतात. सासूबाईंच्या मागे बसून मी शिकले. माझा आवाज घोडबंदर रोडवरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जातो, असं आमचे हे म्हणतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती ते त्यांनाच माहीत.

हे सगळं मी बोलतेय आणि माझी मुलगी प्रणाली टाइप करतेय. तिला दम भरलाय, माझ्या तोंडचं सुधारायचं नाही म्हणून.

पिवळं कुणाला दिसणार?

हळदीच्या सीझनला धवलारणीला पिवळी म्हणणं म्हणजे कोळणीला तुझे हात ओले कसे म्हणून विचारणं. एप्रिल-मे आला की आज या घरी, उद्या त्या घरी. सगळ्या बायका एकमेकींना माखतात, आणि धवलारणीला तर कुणीच सोडत नाही. हात धुवून धुवून थकायला होतं, म्हणून आम्ही धुवायचंच सोडून देतो.

त्या वर्षी मला खाज सुटली. मी म्हटलं, बाजारची हळद, रंग मिसळतात मेले. वजन उतरलं. मी म्हटलं, जागरणं. लघवीचा रंग बदलला, तर पाणी कमी पडतंय. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझी जाऊ यमुना, माझ्या मागे पहिली ओळ ओढणारी, भर मांडवात ओरडली, "रंजे, तू तं नवरीपरीस पिवली दिसतंस गो!" अख्खा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

सीझन संपला. सगळ्यांचे हात उजळले, माझे नाही. तेव्हा यमुनेच्या डोक्यात ट्यूब पेटली की ही कावीळ हाय. ती कुठूनतरी माळ घेऊन आली. ही माळ डोक्यावर ठेवतात, ती हळूहळू लांब होत गळ्यात उतरते, आणि उतरली की कावीळ उतरली असं समजायचं. माझी माळ झटझट उतरली. सगळे खूष. मग प्रणाली, ती तेव्हा बारावीत होती, एका दुपारी मला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेली आणि उजेडात माझी पापणी खाली ओढून म्हणाली, "आई, हे काय आहे?" माळ उतरली होती, बिलिरुबिन चढलं होतं.

तो दिवस

मीरा रोडला सोनोग्राफीला गेलो. सोनोग्राफीवाली डॉक्टर सुरुवातीला माझ्याशी गप्पा मारत होती, गाव कुठलं, मुलं किती. मशीन उजव्या बरगडीखाली आलं आणि तिच्या गप्पा बंद पडल्या. मला तिथेच कळलं. बाकीच्या तपासण्या, मुंबईचं मोठं हॉस्पिटल, सगळं नंतरचं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी कागदावर लिव्हर काढलं. त्यातून पित्ताच्या दोन नळ्या येतात आणि एक होतात. "दोन्ही जिथे मिळतात, त्या फाट्यावर गाठ आहे," ते म्हणाले.

"कॅन्सर हाय काय?" ह्यांनी विचारलं.

"हो. पण काढता येईल असं वाटतंय. खूप जणांचा काढता येत नाही, उशीर झालेला असतो. ऑपरेशन मोठं आहे. लिव्हरचा भाग काढावा लागेल, आतड्याला नवी जोडणी करावी लागेल. नंतर त्रास होऊ शकतात, ते मी लपवणार नाही."

हे म्हणाले, "चहा घेऊन येतो," आणि गेले ते गेलेच. प्रणाली शोधायला गेली तर पार्किंगमध्ये टेम्पोत बसून फडक्यानं डॅशबोर्ड पुसत होते. स्वच्छ असलेला डॅशबोर्ड.

मी डॉक्टरांना विचारलं, "मला गाता येईल का नंतर?"

"आधी जगायचं बघू या," ते म्हणाले.

मला असा राग आला! मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्यासाठी ते वेगळं वेगळं नाही. एवढ्या पोरींच्या हळदी गायल्या मी. माझ्या पोरीची हळद दुसरी कुणी गाणार असेल तर मला उठवूच नका." डॉक्टर जरा हसले आणि माझ्या फाइलवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. पण त्यानंतर ते मला नेहमी "गाणाऱ्या पाटील" म्हणायचे.

पित्त पिणारी बाई

ऑपरेशनच्या आधी कावीळ उतरवायला लागते. त्यासाठी बरगडीतून लिव्हरमध्ये नळी घातली, बाहेर पिशवी. पिशवीत पित्त जमायचं, शेवाळलेल्या पाण्यासारखं हिरवं. आमच्या रस्त्याच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, म्हणून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला नणंदेच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, हॉस्पिटलला जायला बरं.

घरी सोडताना सिस्टर म्हणाली, "हे पित्त फेकायचं नाही. गाळून प्यायचं. शरीराला ते परत लागतं."

मी म्हटलं, "माझी थट्टा करतेस काय गो?" थट्टा नव्हती. तुम्हाला डॉक्टरनी सांगितलं तरच प्या, माझं ऐकून पिऊ नका. मला सांगितलं होतं, म्हणून मी प्यायले. चव विचारू नका. कारल्याला साखर म्हणाल. कोकमाच्या सरबतात मिसळून, नाक दाबून, दोन शिव्या देऊन एका दमात.

समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन एकदा नेमक्या त्याच वेळेला आल्या. "क्या पी रही हो, बेन?"

"मेरा ही पित्त है."

त्या सोफ्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी झाकणाचा स्टीलचा ग्लास आणि स्ट्रॉ घेऊन आल्या. "ढककर पियो. दिखेगा नहीं तो लगेगा नहीं." आणि खरंच, न दिसणारं पित्त निम्मंच कडू लागतं. आजारात मोठमोठे धीर देणारे खूप भेटले, पण झाकणाचं एका बाईलाच सुचलं.

गळती

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी आयसीयूत अर्धवट शुद्धीत होते, तरी ते वाक्य माझ्या कानात नीट बसलं. मग ताप आला. पोटात ठेवलेल्या नळीतून जे लाल यायला हवं होतं ते हिरवट पिवळं यायला लागलं. नव्या जोडणीतून पित्त गळत होतं.

डॉक्टरनी समजावलं, "या ऑपरेशनमध्ये असं होतं. बहुतेक वेळा आपोआप बंद होतं. नळी राहील, औषधं राहतील, तुम्हाला मात्र धीर ठेवायला लागेल." धीर म्हणजे काय, तर रोज सकाळी सिस्टर पिशवीतलं मोजायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायची. टाके एका बाजूनं उसवले, तिथे पस झाला, रोज ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये खडखडली की मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. मी, रंजना पाटील, चाकाच्या आवाजाला घाबरायची! सांगायला लाज नाही वाटत. तुम्हीही घाबराल. घाबरून झालं की ड्रेसिंग होतंच.

घरात वेगळीच जुंपली होती. ह्यांनी प्रणालीला गळतीचं सांगितलंच नाही. तिची परीक्षा होती. "आईस बरी हाय," एवढंच. तिला कळलं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर, कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं तेव्हा. ती तशीच हॉस्पिटलला आली आणि माझ्या बेडपाशी बापावर ओरडली, "मी काय या घरातली पाहुणी आहे?" हे बाटलीतलं पाणी पीत राहिले. मग दोघं एकमेकांशी बोलेनात. हे सकाळी यायचे, ती संध्याकाळी, आणि माझ्यामार्फत निरोप. "तिला सांग जेवून जा." "त्यांना सांग मी जेवलेय." पोटात नळी, नाकात नळी, आणि मी टेलिफोन ऑपरेटर. शेवटी मी म्हटलं, "आता मी मरतेच, म्हणजे तुम्हाला थेट बोलावं लागेल." तेव्हा दोघं एकदम ओरडले, "गप बस!" चला, एकमत तरी झालं.

माझं एवढंच सांगणं, घरच्यांपासून लपवू नका. लपवलेलं ग्रुपवर येतंच.

उशी

फिजिओथेरपीची पोरगी रोज यायची. छातीत कफ साठू नये म्हणून खोकायला लावायची. टाके घातलेल्या पोटानं खोकणं काय असतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. तिनं मला शिकवलं, उशी पोटाशी घट्ट आवळून धरायची आणि मग खोकायचं. उशी पोटाला सांभाळते.

"आणि गायचं असेल तर?" मी विचारलं.

"तसंच. उशी धरा, गा."

मी उशी धरली आणि हळदीच्या धवल्याची पहिली ओळ म्हटली. आवाज असा आला की सायकलच्या पंपालाही लाज वाटावी. अर्ध्या ओळीत दम संपला. मला रडू कोसळलं. गळतीला रडले नव्हते, त्या अर्ध्या ओळीला रडले.

शेजारच्या बेडवर मीरा रोडच्याच नसीमआपा होत्या, त्यांचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी मान वळवली. "क्या गा रही थीं?"

"शादी का है, आपा. हल्दी का."

"तो ज़ोर से गाओ ना. यहाँ सब मय्यत की तरह लेटे हैं."

मी दुसऱ्या दिवशी पाऊण ओळ गायले. मग एक. एका सकाळी सिस्टरनं पिशवी उचलून दाखवली, तळाला जेमतेम ओल होती. त्या दिवशी मी दोन ओळी गायले आणि नसीमआपांनी बेडवर ताल धरला. हॉस्पिटलातून घरी आले ती उशी मागून घेऊनच.

थंडी वाजली की

आता हे नीट ऐका, कारण इथे आमची दुसऱ्यांदा चूक झाली. घरी येऊन वर्ष होत आलं होतं. किमोच्या गोळ्या संपलेल्या, केस काळे, जेवण थोडंथोडं पण गोड लागत होतं. एका दुपारी थंडी भरली. दात वाजतायत, पलंग हलतोय. चेण्याला डास कमी आहेत का? सगळे म्हणाले, मलेरिया. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. घाम सुटला, ताप उतरला, आणि मी बाई संध्याकाळी एका मांडवात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओळखेना. सासूबाईंना हाका मारत होते म्हणे, ज्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झालीत.

रक्तात इन्फेक्शन पसरलं होतं. जोडणीची जागा अरुंद झाली होती, पित्त अडकून सडलं होतं. पुन्हा आयसीयू, पुन्हा बरगडीतून नळी, फुग्यानं ती जागा रुंद केली. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "गाणाऱ्या पाटील, तुम्हाला मलेरिया झाला असेल तर तोसुद्धा इथे येऊन मला सांगा. थंडी वाजली की थेट हॉस्पिटल. गोळी नाही, गोधडी नाही."

तेव्हापासून एक बॅग दाराशी भरलेली असते. त्यानंतर दोनदा थंडी वाजली, दोन्ही वेळा आम्ही वेळेवर पोचलो आणि आठवड्यात घरी आलो. हे असं आयुष्यभर होऊ शकतं. मला त्याचं आता फार काही वाटत नाही. कुणाला शुगर असते, कुणाला सून असते, मला हे आहे.

पोटाला हर्निया झालाय, पट्टा बांधते. तळलेलं खाल्लं की पोट त्याच दिवशी हिशोब चुकता करतं. स्कॅनच्या आधीचा आठवडा मी घरात सगळ्यांवर डाफरते. आणि एक गोष्ट टाळून चालणार नाही. वेटिंगमध्ये माझ्याबरोबर बसणाऱ्या काही बायका आता येत नाहीत. नसीमआपाही नाहीत. मला का सोडलं, हे मी देवाला विचारत नाही. विचारलं आणि त्याला आठवलं तर?

न लावलेली हळद

डॉक्टरनी घरच्यांना सांगितलं होतं, हिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवा. ह्यांनी त्याचा कायदाच केला. "हिला कोणी हळद लावाची न्हाय. पिवली पडली तं कलाला नको?"

पुढच्या तपासणीला प्रणालीनं हे डॉक्टरांना सांगितलं. ते खो खो हसले. "अहो, मी डोळे बघा म्हटलं. डोळ्यात कोण हळद घालतं?"

हे काही बधले नाहीत. आणि खरं सांगू? मलाही ते बरंच होतं. कारण बरी झाल्यावरच्या पहिल्याच हळदीला कुण्या पोरीनं लाडानं माझ्या दंडाला हळद फासली होती, आणि मी धवला सोडून मोरीत धावले होते. भांडी घासायच्या काथ्यानं दंड सोलवटेपर्यंत घासला. पिवळा रंग माझ्या अंगावर मला सहनच होईना. डोक्याला कळत होतं ही हळद आहे. पोटाला कळत नव्हतं.

म्हणून मी हळदीला जायची, खुर्चीवर बसायची, पोटाशी उशी धरून गायची, पण हात मांडीवर कोरडे. वाटीला शिवायची नाही. बायका कुजबुजायच्या, नवरा धडधाकट जिवंत, आणि ही बाई हळदीला हात लावत नाही. एकीनं तोंडावर म्हटलं तेव्हा मी म्हटलं, "माझा नवरा माझ्या गाण्यानं नाही मेला, तो हळद न लावल्यानं काय मरतोय!" बायका हसल्या, विषय मिटला. पण हसून माझी भीती मिटली नाही.

प्रणालीची हळद

पाच वर्षं झाल्यावरचा स्कॅन तिच्या लग्नाच्या तोंडावर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "स्वच्छ आहे. आता वर्षातून एकदा या."

"म्हणजे मी बरी झाले?"

"म्हणजे वर्षातून एकदा या."

त्यांच्याकडून याहून जास्त निघणार नाही हे मला ठाऊक होतं. मी पेढे ठेवून आले.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव भरला होता. यमुनेनं माझ्या उशीला जरीच्या काठाचा अभ्रा शिवला होता. "धवलारीण नटली, उशी का मागं राहील?" मी खुर्चीवर बसले, उशी आवळली आणि सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा ट्रकपर्यंत जात नाही, पण मांडवाच्या शेवटच्या बाईपर्यंत जातो. प्रणाली पाटावर बसली होती. पहिली हळद लावायची ओळ आली. यमुना वाटी घेऊन पुढे झाली.

प्रणालीनं तिचा हात धरला. "काकी, थांब. पहिली हळद आईची."

मागून ह्यांचा आवाज आला, "पोरी, तुना ठाव हाय ना..."

"बाबा, एक मिनिट." ती पाटावरून उठली. हळदीच्या नवरीनं असं उठायचं नसतं. माझ्यासमोर आली आणि बारावीतल्या त्या दुपारसारखी अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. एक डोळा, मग दुसरा. सगळा मांडव बघतोय, मी गातेय आणि ही माझे डोळे तपासतेय.

"पांढरे आहेत," ती म्हणाली. "घाल हात."

मी वाटीत हात घातला. गार, ओलसर हळद. मी तिच्या गालांना लावली. तिनं तोच गाल माझ्या गालाला घासला, मग दुसरा, लहानपणी झोपेतून उठून घासायची तसा. माझा धवला तुटला. इतक्या वर्षांत कुठल्याच मांडवात रडण्यानं तुटला नव्हता, तो तिथे तुटला. मी उशीत तोंड खुपसून रडले. यमुनेनं ओळ उचलली, बायकांनी ओढली, आणि मी परत सापडेपर्यंत त्यांनी गाणं खाली पडू दिलं नाही. मग मी तोंड वर केलं आणि पुढची ओळ घेतली. जरीच्या अभ्र्याची पार वाट लागली होती.

सकाळी आरशासमोर उभी राहिले. गाल पिवळे, मान पिवळी, तळहात तर पिवळेधमक. पाय मोरीकडे वळले, पण धावले नाही. हे मागे येऊन उभे राहिले.

"दाखव," म्हणाले.

मी मान वर केली. त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी ओढली. रात्रभर लेकीच्या हळदीत नाचलेला माणूस, हात धुतलेत का हे कुणी बघितलं? अख्खा अंगठा हळदीनं माखलेला. माझा डोळा असा झोंबला की मी किंचाळले.

"अहो, डोळ्यात हळद घातलीत माझ्या!"

ते घाबरले, तांब्याभर पाणी आणलं, माझ्या डोळ्यावर मारलं, पुन्हा वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"लाल झालाय," म्हणाले. "लालच हाय."